सातवी नाल्यापलीकडे

दिग्रसच्या बसस्टँडसमोर मागच्या महिन्यात फलक लागला होता. वर वकीलसाहेबांचा हसरा फोटो, खाली डाव्या हाताला एका पक्षाचे पुढारी, उजव्या हाताला दुसऱ्या पक्षाचे, सगळ्यांचे हात जोडलेले. मध्ये ठळक अक्षरात : 'अजातशत्रू वामनराव मोहदेकर यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. मी यवतमाळच्या गाडीची वाट पाहत उभी होते. फलक दोनदा वाचला आणि बाजूच्या रसवंतीवाल्याला म्हटलं, "खोटं आहे हे."

तो दचकला. "काय खोटं, मॅडम? गेले ना साहेब. परवाच गेले."

"गेले ते खरं आहे. अजातशत्रू खोटं आहे. मी होते ना शत्रू."

तो हसला, त्याला वाटलं म्हातारी गंमत करून राह्यली. गंमत नव्हती. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि या माणसाबद्दल तर जिवंतपणीही कोणी वाईट बोललं नाही. म्हणून हे काम माझ्याकडे आलं आहे. मी राठोड बाई. तांड्यावरच्या शाळेत सगळी नोकरी काढली, तिथूनच निवृत्त झाले. वकीलसाहेबांनी माझं व्यक्तिशः काही वाईट केलं नाही. कोणाचंच केलं नाही हो. तेच तर सांगते आहे.

साहेब मूळचे दिग्रसचेच. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, हे कोर्टात. नाकीडोळी नीटस, आवाज मऊ, कपडे पांढरेशुभ्र. वकिली चालायची चांगली, पण त्यांच्या दाव्यांचा निकाल म्हणून कधी लागला नाही. तडजोड व्हायची. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण घेऊन दोन भाऊ यायचे आणि धुरा मधोमध कापून, दोघंही थोडे थोडे नाराज होऊन घरी जायचे. साहेबांना हे फार आवडायचं. म्हणायचे, "दोघंही थोडे नाराज असले म्हणजे समजावं, न्याय झाला."

माझा बाप आमच्या तांड्याचा नायक होता. नसाब बसली, म्हणजे तांड्याची पंचायत बसली, की तोही दोन्हीकडचं ऐकायचा. मग खाकरायचा, आणि एकाकडं बोट करून म्हणायचा, "तू चुकला." ज्याला म्हणायचा तो वर्षभर बापाला रामराम घालायचा नाही. बाप म्हणायचा, "दोघंही खूश असले तर समजून जा बेटा, नायकाले झोप लागली होती." मी दोन्ही प्रकारचा न्याय पाहिला आहे, म्हणून बोलते.

साहेबांच्या घराच्या ओसरीत समोरासमोर दोन बाकं होती आणि मध्ये त्यांची गोल फिरणारी खुर्ची. तक्रारवाला एका बाकावर, ज्याच्यावर तक्रार तो दुसऱ्या बाकावर. साहेब इकडं फिरायचे, मान डोलवायचे, "बरोबर आहे तुमचं." मग तिकडं फिरायचे, मान डोलवायचे, "तुमचंही बरोबर आहे." त्या खुर्चीला तेल घालायला दर महिन्याला माणूस यायचा. मग म्हणायचे, "आता मधलं काही निघते काय ते पाहू." आणि चहा सांगायचे. स्वतः अर्धाच कप घ्यायचे, उरलेला अर्धा बशीत ओतून समोरच्यापुढं सरकवायचे. समोर दोघं असले तर पंचाईत व्हायची, मग ते स्वतः चहाच घ्यायचे नाहीत. पेढा आला तर तोडून अर्धा, पान आलं तर अर्धं. एकदा मी गेले तेव्हा एका कार्यकर्त्यानं संत्री आणली होती, आणि साहेब एका संत्र्याच्या फोडी मोजून दोन बाकांवर वाटत होते.

त्यांच्या बायकोला सगळे माई म्हणायचे. शाळेच्या अर्जासाठी मी त्या घराच्या इतक्या खेपा केल्या की ओसरीत नंबर लागेपर्यंत माई मला आत स्वयंपाकघरात बोलवायच्या. बोलक्या बाई, पण त्या घरात त्यांच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. एक दिवस मी ओसरीत साहेबांशी तावातावानं बोलून आत आले, तर माईंनी माझा हात धरला. "राठोड बाई, तुम्ही येत जा हो रोज. तुम्ही भांडता तर जरा घर असल्यासारखं वाटते." मी म्हटलं, "तुम्ही नाही काय भांडत?" तर म्हणाल्या, "कोणाशी भांडू? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी काहीही म्हटलं की हे म्हणतात, 'तुझंही बरोबर आहे.' भांडायला समोर माणूस तर पाहिजे ना." आणि पोळी उलटवली.

आता त्यांच्या पदरात जे टाकायला पाहिजे ते टाकून मोकळी होते, नाहीतर म्हणाल बाईनं द्वेषानं लिहिलं. एके वर्षी दिग्रसमध्ये दोन मिरवणुका एकाच दिवशी एकाच गल्लीत तोंडासमोर आल्या. कोणाच्या ते सांगत नाही, तुम्हाला कळलं. मी बांगड्यांच्या दुकानात होते, दुकानदारानं शटर ओढलं आणि आम्हा बायांना वरच्या माडीवर पाठवलं. खिडकीतून दिसत होतं, दोन्हीकडं हातात काठ्या. तेवढ्यात साहेब घरून निघाले, तीच गोल खुर्ची डोक्यावर घेतलेला गडी मागं. खुर्ची गल्लीच्या मधोमध ठेवली, बसले आणि म्हणाले, "अरे, कोणी चहा सांगा. बोला आता, पहिले कोण जाणार आणि काहून?"

दोन तास बोलून राह्यले लोक. साहेब इकडं फिरत, तिकडं फिरत. दोन्हीकडचं बरोबर आहे म्हणत. ऊन चढलं, ढोलवाल्यांचे हात दुखायला लागले, पोरांना भुका लागल्या. शेवटी दोन्ही मिरवणुका आल्या वाटेनं परत गेल्या. एक काच फुटली नाही. त्या दिवशी मी माडीवरून उतरले तेव्हा त्या माणसाच्या पाया पडायला तयार होते. लबाड नव्हते, पैसे खाणारे नव्हते आणि भित्रे तर मुळीच नव्हते. पण भांडण थांबलं म्हणजे काम झालं, असं त्यांना त्या दिवसापासून जे वाटायला लागलं ते कायमचं.

त्याच मिरवणुकीच्या पुण्याईवर ते आमदार झाले. एकदा झाले, दुसऱ्यांदा झाले. आणि दुसऱ्या खेपेला आमच्या शाळेचं प्रकरण त्यांच्या ओसरीत आलं.

आमचा तांडा नाल्याच्या अलीकडं, मोठं गाव नाल्यापलीकडं. दोन्हीकडं चौथीपर्यंत शाळा होती. पाचवी ते सातवीचे वर्ग मंजूर झाले, पण एकाच जागी. गाव म्हणे आमच्याकडं पाहिजे, सडक आमच्याकडं आहे. तांडा म्हणे आमच्याकडं, पोरं आमच्याकडं जास्त आहेत. आणि तांड्याच्या पोरी. पोरगी दहा-अकराची झाली की नाल्यापलीकडं एकटी पाठवायची नाही, हे आमच्याकडं कोणी बोलून दाखवायचं नाही, पण कोणी मोडायचंही नाही. चौथी झाली की पोरगी शेळ्यांमागं. मी स्वतः शिकले ती बापानं मला मामाकडं नेऊन टाकलं म्हणून. माझ्या वर्गात तेव्हा सोनी नावाची पोरगी होती, चौथीत. पाढे उलटे म्हणायची. एकोणतीसपासून खाली. कोणी सांगितलं नव्हतं, तिला सुलट्याचा कंटाळा आला म्हणून. अशा पोरीसाठी तरी सातवीपर्यंतची शाळा तांड्यातच पाहिजे, असं मी मनाशी धरलं आणि अर्ज लिहायला बसले.

वरून निरोप आला, आमदारसाहेब सांगतील तसं. गावाच्या मारुतीच्या पारावर सभा ठेवली. तांड्याची माणसं पागोटी बांधून आली होती. आपल्या शब्दावर एवढा मोठा माणूस येतो याचंच त्यांना अप्रूप. साहेबांनी पाटलांना बोलू दिलं. मग मला बोलू दिलं, पुढच्या रांगेत मला जागाही दिली. मी पोरींचं सांगितलं, नाल्याचं सांगितलं, सोनीचे उलटे पाढे सांगितले. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी पाहिलं.

मग ते उठले. म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे." माझा ऊर भरून आला. म्हणाले, "पाटलांचंही बरोबर आहे." आणि मग त्यांनी निकाल सांगितला. पाचवी गावात. सहावी तांड्यात. सातवी गावात.

एक क्षण कोणालाच कळलं नाही. मग गावाच्या बाजूनं टाळ्या पडल्या, कारण तीनपैकी दोन वर्ग गावाला मिळाले. आणि मग तांड्याच्या बाजूनंही पडल्या, जोरात पडल्या. आमच्या माणसांना जन्मात कोणी अर्धं म्हणून दिलं नव्हतं, पाव दिलं नव्हतं. कोणीतरी 'तुमचंही बरोबर आहे' म्हणालं, एवढ्यानंच म्हातारे रडायला लागले. आणि मी? मीसुद्धा वाजवल्या टाळ्या. लपवत नाही. आजूबाजूला सगळे वाजवत होते, हात आपोआप गेले.

घरी येऊन भाकरी थापायला बसले तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. पाचवीला पोरगी नाला ओलांडून जाणार, सहावीला परत येणार, सातवीला, बारा-तेराची झाल्यावर, पुन्हा नाला ओलांडणार! जगात कुठं अशी शाळा असते काय?

पाचवीचं मी निभावलं. रोज सकाळी पोरींना रांगेत धरून नाल्यापलीकडं पोचवायची आणि परत येऊन तांड्यातले माझे वर्ग घ्यायची. लहान होत्या, बाया म्हणायच्या, बाई सोबत आहे तर जाऊ द्या. सहावी तांड्यात, ते वर्ष सुखाचं. गावची पोरं चड्ड्या वर खोचून आमच्याकडं यायची आणि नाल्याला पाणी आलं की पंधरा पंधरा दिवस यायचीच नाहीत. पाटलांनी तर आपली दोन्ही पोरं सरळ दिग्रसला टाकली. म्हणजे गावाचंही काही भलं झालं नाही. पण सातवी आली की तांड्याच्या पोरी थांबायच्या. सगळ्या. सोनीच्या बापाच्या मी हातापाया पडले. तो म्हणाला, "बाई, तुमचं ऐकतो मी. सातवी तांड्यात आणा, पोरगी तुमच्या पदरात टाकतो. नाल्यापलीकडं नाही. मले तिच्या पाठीमागं तीन पोरी आहेत."

त्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तर सोनी माझ्या वर्गात, सहावीत, मागच्या भिंतीशी बसलेली. म्हटलं, "तू पास झाली ना ग? इथं कायले बसली?" म्हणाली, "मंग कुठं बसू?"

ती तीन वर्षं सहावीत बसली. नापास होऊन नाही, पास होऊन. हजेरीत नाव नाही, परीक्षेत नाव नाही. सहावीचं पुस्तक तोंडपाठ झालं, मग मी माझ्याकडचं सातवीचं जुनं गणिताचं पुस्तक दिलं, तेही तिनं संपवलं. पण सातवीचा दाखला काही मी देऊ शकत नव्हते. दाखला पाहिजे होता, पुढं नर्सचं शिकायचं होतं तिला, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईसारखा पांढरा कोट पाहिजे होता.

त्या तीन वर्षांत मी वकीलसाहेबांकडं इतक्या वेळा गेले की गडी दार उघडतानाच हसायचा. तोवर साहेब राज्यमंत्री झाले होते. पक्षातल्या दोन गटांचं जमत नव्हतं आणि यांच्या नावाला दोघांचीही हरकत नव्हती. हरकत नसलेला माणूस म्हणून मंत्री झालेला मी दुसरा पाहिला नाही. लाल दिव्याची गाडी दारात, पण ओसरीत बाकं तीच. मी म्हटलं, "साहेब, सातवी तांड्यात हलवा. एक सही पाहिजे तुमची."

"तुमचं बरोबर आहे, बाई."

"मग करा ना सही!"

"पाटील दुखावतील."

"दुखावू द्या की! पाटलांची पोरं दिग्रसला शिकून राह्यली. त्यांचं काय दुखते?"

साहेबांनी खुर्ची थोडी फिरवली. समोरच्या बाकावर कोणीच नव्हतं, तरी फिरवली. म्हणाले, "मधलं काही निघते काय पाहू. मुलींना जायला त्रास आहे ना? आपण मुलींना सायकली देऊ."

मी उठून निघून आले. मला वाटलं बोलण्यातलं बोलणं आहे. तर पंधरा दिवसांनी टेम्पोतून खरंच सायकली आल्या. चार. दोन तांड्याला, दोन गावाला, म्हणजे ज्यांना घरापासून शाळेपर्यंत दहा पावलं चालायचं त्यांनाही दोन. नाल्यावर पूल नाही, उतार असा की बैल घसरतो. तिथून सायकल न्यायची तर डोक्यावर घेऊन न्यावी लागते. सोनीच्या बापानं ती सायकल अंगणात उभी केली आणि तिच्या हँडलला लाल मिरच्यांची माळ वाळत घातली. म्हणाला, "साहेबानं देल्ली, नाही कसं म्हणा." चौथ्या वर्षी सोनीचं लग्न झालं, पांढरकवड्याकडच्या एका तांड्यात. लग्नात मी तिला काय द्यावं ते सुचेना. पातळ दिलं. तिनं कानात विचारलं, "बाई, सातवी आली काय तांड्यात?" त्या प्रश्नाचा राग मला अजून येतो. तिचा नाही.

पुढच्या निवडणुकीत साहेब पडले. पडणारच होते. दोन्ही गट म्हणाले, साहेब आमचेच, आणि मत दोन्ही गटांनी दुसरीकडं टाकलं. साहेब निकालाच्या दिवशीही ओसरीत बसून विजयी उमेदवाराला अर्धा पेढा भरवत होते म्हणे.

आणि शाळेचं काय झालं? एक तिरसट अधिकारी बदलून आला. उभ्यानंच बोलायचा, खुर्ची द्यायचा नाही, चहा तर नाहीच. मी अर्ज ठेवला, त्यानं नकाशा पाहिला, म्हणाला, "हा काय मूर्खपणा आहे?" आणि दहा मिनिटांत हुकूम लिहिला : तिन्ही वर्ग तांड्यात. गाव पंधरा दिवस बोंबललं. सोळाव्या दिवशी गावची पोरं चड्ड्या खोचून आली. त्यांच्यासाठी दोन वर्षांत पूलही झाला, कारण आता ओरडणारे पाटील होते. मी त्या अधिकाऱ्याचे आभार मानायला गेले तर म्हणाला, "वेळ नाही." असा माणूस मला जन्मात आवडला नसता. पण त्याच्या दहा मिनिटांनी तांड्याच्या पोरी सातवीपर्यंत गेल्या. सोनीला मात्र उशीर झाला होता.

वकीलसाहेबांना मी शेवटचं पाहिलं ते दोन हिवाळ्यांपूर्वी. आमच्याच शाळेनं त्यांचा सत्कार ठेवला होता, 'शाळेचे शिल्पकार' म्हणून. नवीन शिक्षकांना काय माहीत! मला निवृत्त बाई म्हणून बोलावलं. मी जाणार नव्हते. मग म्हटलं, जाते आणि भर सभेत सांगते.

सोनी तिथंच होती. नवरा-लेकरांसह ती केव्हाच माहेरी परत आली होती आणि शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. साहेब खूप थकले होते. दोन माणसांनी दोन्ही दंडाला धरून आणलं. कार्यक्रमाआधी त्यांना ऑफिसात बसवलं आणि सोनी त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. साहेबांनी पाणी घेतलं, अर्धा ग्लास पिऊन खाली ठेवला आणि सवयीनं विचारलं, "किती शिकलीस बेटा?"

"सहावी."

"अरेरे. पुढं काहून नाही शिकली?"

"सातवी गावात होती ना, साहेब. नाल्यापलीकडं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "तुमचाच निकाल होता, साहेब. पाचवी गावात, सहावी तांड्यात, सातवी गावात. आठवते काय? ही तीच. उलट्या पाढ्यांची. तीन वर्षं सहावीत बसली ही. एकदा तरी म्हणा, साहेब, की ते चुकलं."

साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता म्हणतात. इतकी वर्षं मी याच शब्दासाठी त्यांच्या दारात गेले होते. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आठवलं! काय सभा झाली होती! दोन्हीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई, तुम्हीही वाजवल्या होत्या. पुढच्या रांगेत होत्या तुम्ही."

काय सांगू? खोटं थोडीच होतं. भर सभेत बोलायला पाठ करून आणलेलं सगळं तिथंच संपलं.

सोनीनं ग्लास उचलला. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "म्या नव्हत्या वाजवल्या, साहेब. माह्या कडेवर लहाना भाऊ होता, हात मोकळे नव्हते."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. ती साधी लाकडी खुर्ची होती, फिरत नव्हती, म्हणून मान वळवायला त्यांना त्रास झाला. म्हणाले, "तुझंही बरोबर आहे."

सत्कार झाला. मी बोलले नाही, शेवटच्या रांगेत बसून राहिले. टाळ्या वाजल्या तेव्हा मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. फार उशिरा आलेलं शहाणपण, पण आलं.

संध्याकाळी साहेबांची गाडी निघाली. शाळेपासून सडकेपर्यंत पोरं एका बाजूला रांगेत उभी केली होती, दुसऱ्या बाजूला नुसती तूर उभी होती. साहेबांनी काच खाली करवली, पोरांकडं बघून हात हलवला. मग दुसरी काच खाली करवली आणि तेवढ्याच प्रेमानं, तेवढाच वेळ, तुरीकडं बघून हात हलवला. सोनी माझ्याशेजारी खिचडीचं पातेलं घासत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा घासायला लागली.